बंद मशीनची बॅच

त्या दिवशी सकाळपासून धाकटीचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा तिने उभ्याउभ्या घेतला, केस दोनदा विंचरले, पांढरा कोट पिशवीत घातला, बाहेर काढला, झटकला, पुन्हा घातला. शेवटी आईने हटकलं.

"बस की गं जरा. समिती काय तुझ्या एकटीसाठी येतेय?"

"माझ्यासाठीच येतेय," धाकटी म्हणाली आणि बसली. बसली तशी उठली.

तसं तिचं फारसं चुकत नव्हतं. ज्या कॉलेजात ती कानांची तपासणी करायला शिकत होती, त्याची मान्यता यंदा संपत होती. समितीने सगळं पाहून ती पुन्हा दिली, तर या बॅचला परवान्याच्या परीक्षेला बसता येणार होतं. नाही दिली, तर पदवी घरात फ्रेम करून लावायला मोकळी, पण कुणाच्या कानाला हात लावायची सोय नाही. तिची थोरली ताई एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. तिने तिथल्या कानाच्या विभागात धाकटीसाठी शब्द टाकून ठेवला होता. जागा रिकामी होती, डॉक्टर राजी होते, अट एकच होती: परवाना हवा. ताई जन्मात कुणापुढे वाकलेली नव्हती. बहिणीसाठी वाकली होती, आणि ही गोष्ट ती विसरणारही नव्हती, विसरू देणारही नव्हती.

बाबांना यातलं अर्धंच कळलं होतं, कारण अर्धंच ऐकू गेलं होतं. पत्रे ठोकायच्या कारखान्यात उभा जन्म काढून बाबा घरी आले ते कान तिथेच ठेवून. तेव्हापासून या घरात सगळे ओरडूनच बोलत. नवा शेजारी आला की सुरुवातीला त्याला वाटायचं, इथे रोजची भांडणं आहेत.

"आज परीक्षा आहे का गं?" बाबांनी विचारलं.

"माझी नाही, कॉलेजची," धाकटी ओरडली.

"कॉलेजची परीक्षा? मग पोरगी का घाबरलीय?"

याचं उत्तर ओरडून देण्यासारखं नव्हतं. तिने चपला पायात सरकवल्या आणि निघाली.

कॉलेज ओळखू येत नव्हतं. पाहुणे यायचे म्हटल्यावर लोक पसारा पलंगाखाली ढकलतात, तसा सगळा कारभार झाला होता. भिंतींना नवा पांढरा रंग होता आणि तो वाळायला वेळ मिळालेला नसल्यामुळे पोरं अंग चोरून चालत होती. जिन्यावर कुंड्या आल्या होत्या. एरवी कुलूपबंद असणाऱ्या ग्रंथालयात दोन मुली बसवून ठेवल्या होत्या आणि त्यांना सांगितलं होतं, वाचा. त्या बिचाऱ्या मन लावून पानं उलटत होत्या. प्राचार्य या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, टायची गाठ सैल करत होते, पुन्हा आवळत होते.

धाकटीला या कशाचीच धास्ती नव्हती. धास्ती होती ती पहिल्या मजल्यावरच्या तपासणीच्या खोलीची. त्या खोलीत आत आणखी एक छोटी खोली होती, जाड दाराची, बाहेरचा आवाज आत न येणारी. आत पेशंटची खुर्ची, मध्ये काच, आणि काचेच्या बाहेर टेबलावर ऑडिओमीटर. पेशंटने हेडफोन लावायचा. बाहेरच्याने बटण दाबून एकेका कानात बारीक शिट्टी सोडायची. ऐकू आली की पेशंटने बोट वर करायचं, आली नाही तर हात मांडीवर. आवाज कमी कमी करत न्यायचा आणि कुठवर ऐकू येतं ते कागदावर मांडायचं: उजव्या कानाला गोल, डाव्याला फुली, ऐकू जितकं कमी तितकी खूण खाली. सगळी विद्या त्या एका मशीनभोवती फिरते.

आणि मशीन बंद होतं. धाकटी कॉलेजात आली त्याच्या आधीच ते जळालं होतं. "पार्ट येतोय," असं विभागातले सर पहिल्या वर्षी म्हणाले, दुसऱ्या वर्षी म्हणाले, तिसऱ्या वर्षी मुलांनी विचारणंच सोडलं. हा पार्ट पायी निघाला असता तरी पोचला असता. ठरलेल्या दवाखान्यात शिकायला न्यायचं होतं, तिथे नेलं ते एकदा, आणि तिथेही सगळे गर्दीच्या मागे उभे राहून पुढच्याची पाठ पाहून आले.

पण सर स्वभावाने वाईट नव्हते. वेळ मारून नेण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी एक युक्ती काढली. पेशंट झालेल्या मुलाने काचेकडे तोंड करून बसायचं. तपासणाऱ्याने मेलेलं बटण दाबायचं आणि दाबताना मान किंचित हलवायची. मान हलली की पेशंटने बोट वर करायचं. सर मागून सांगत, "आजचा पेशंट म्हातारा आहे, बारीक आवाज जात नाहीत," की पेशंट त्याप्रमाणे बोट उचलायचं थांबवे. आकडे पुस्तकातले, कागद सुबक, सह्या वेळच्या वेळी.

या खेळात धाकटी सगळ्यांत पटाईत होती. कारखान्यातला बहिरा, चिडका म्हातारा, भरपाईसाठी बहिरेपणाचं सोंग करणारा, सगळे तिला जमायचे. कारखान्यातल्या बहिऱ्यासाठी तर तिला लांब जावंच लागलं नाही. सर कौतुकाने म्हणत, "हिला पेशंट करा, मशीनची गरज नाही." वर्ग हसे. तीही हसे. आता ते आठवून तिला हसू येत नव्हतं.

परवा एक मशीन आलं होतं. प्राचार्यांच्या मेव्हण्याचं श्रवणयंत्रांचं दुकान होतं, तिथून ते समितीपुरतं उचलून आणलं होतं. काल दिवसभर ते खोक्यातच राहिलं, कारण वायर कुठे लावायची यावर सर आणि प्राचार्य यांचं एकमत होत नव्हतं. आज सकाळी ते टेबलावर होतं, दिवा लागलेला होता, आणि त्याला कुणी हात लावू नये अशी सक्त ताकीद होती. प्रात्यक्षिक दाखवायला लंबूला निवडलं होतं. हा तिचा वर्गमित्र, दारातून वाकून आत येणारा, आणि समोर परीक्षक दिसला की घामाने चिंब होणारा. पेशंट अर्थातच धाकटी.

"नेहमीसारखं करायचं," सरांनी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं. "फक्त आज मशीन चालू आहे, एवढंच."

"चालू मशीनवर कसं करतात ते एकदा तरी दाखवा ना सर," लंबू म्हणाला.

"अरे, तेच असतं," सर म्हणाले आणि घाईने निघून गेले.

समितीत तिघं होते. दोघं खाली कागद बघत बसले. वर आल्या त्या एक बाई, साध्या, काळ्या सपाट चपला, आवाज शांत. त्यांनी रंगाकडे पाहिलं नाही, कुंड्यांकडे पाहिलं नाही. मशीनकडे पाहिलं, हेडफोनच्या वायरवरून बोट फिरवलं आणि एक खुर्ची ओढून लंबूच्या शेजारी बसल्या. मागे प्राचार्य आणि सर उभे राहिले. आतल्या खोलीचं दार बाईंनी उघडंच ठेवायला सांगितलं. "आवाज करू नका कुणी, म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "सुरू कर बाळा."

धाकटी आत जाऊन काचेकडे तोंड करून बसली. हेडफोन कानांवर आला. लंबूचा हात बटणाकडे गेला आणि वाटेतच अडला. मान मात्र सवयीने हलली. धाकटीचं बोट वर गेलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "तू बटण दाबलंस?"

"नाही मॅडम. दाबणार होतो."

"मग तिने बोट कशाला वर केलं?"

सर पुढे झाले. "उत्साही आहे मॅडम ती. घाई झाली तिची."

बाईंनी आत येऊन धाकटीचा हेडफोन उचलून बाजूला धरला. "पेशंटला तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये, हे शिकवलं नाही का कुणी? खुर्ची भिंतीकडे कर."

धाकटीने खुर्ची फिरवली. समोर नुसती राखाडी भिंत. मागे लंबू, बाई, प्राचार्य, ताईची नोकरी, सगळं पाठीला चिकटून उभं असल्यासारखं वाटत होतं. तिला एकदम कळलं की आता मान दिसणार नाही, बोट कधी उचलायचं ते आपल्याला कुणी सांगणार नाही.

उजव्या कानात शिट्टी वाजली.

इतकी सरळ, इतकी स्वच्छ, की ती दचकली. बोट वर. मग शिट्टी आणखी बारीक झाली. बोट वर. मग आणखी बारीक, आहे की नाही असा संशय यावा इतकी, आणि तिने श्वास रोखून धरला तेव्हा ती होती. इतका छोटा आवाज जगात असतो आणि आपल्याला तो ऐकू येतो याचा तिला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतकी वर्षं ज्याचं सोंग केलं ते हे होतं तर. क्षणभर ती समिती विसरली. उजवा कान झाला, सगळ्या शिट्ट्या झाल्या, आणि तिला वाटलं, जमतंय की.

डावा कान सुरू झाला. पहिली शिट्टी आली. दुसरी, जरा वरच्या पट्टीतली, लांबून आल्यासारखी आली. मग काही नाही.

ती थांबली. भिंतीकडे पाहत राहिली. काही नाही. मागे लंबू बटण दाबत असणार, कारण त्याची खुर्ची करकरत होती, पण कानात शुकशुकाट. गेलं, तिच्या मनात आलं. मेलं हेही मशीन. मेव्हण्याचं असलं तरी आमच्याच नशिबाचं.

तिला काय करायचं ते ठाऊक होतं. लंबूचा वेग तिच्या अंगात मुरलेला होता. किती वेळाने दाबतो, किती वेळ धरतो, हे डोळे मिटूनही कळलं असतं. अंदाजाने बोट उचलत गेलं की झालं. कागद भरेल, बाई खाली जातील, चहा घेतील, सही करतील. ताई दवाखान्यात मान वर करून फिरेल. हात मांडीवरून उठलासुद्धा.

आणि उठलेला तसाच राहिला. आत्ताच खरी शिट्टी ऐकलेली होती. तिच्यानंतर या शुकशुकाटाला ऐकू आलं म्हणायला तिचं बोट धजेना. ते बोट इतकी वर्षं वाटेल तसं नाचलं होतं, आज अडून बसलं. तिला स्वतःचाच राग आला, लंबूचा आला, ताईचाही आला. तिने हात खाली घेतला, हेडफोन काढला आणि वळली.

"मॅडम, मशीन बंद पडलंय. डावीकडून काहीच येत नाहीये."

प्राचार्यांचा चेहरा भिंतीच्या नव्या रंगासारखा झाला. सरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी मात्र हेडफोन घेतला, स्वतः त्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि लंबूला म्हणाल्या, "डावा. त्याच सुरापासून."

लंबूने बटण दाबलं. बाईंचं बोट वर गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा गेलं. मग त्यांनी लंबूला आत बसवलं आणि बटण स्वतः दाबलं. लंबूचं लांबलचक बोट जवळजवळ छताला लागलं.

"येतोय की आवाज," तो म्हणाला. "चांगला खणखणीत येतोय."

धाकटी दारात उभी होती. तिला कळायला जरा वेळ लागला. सरांना तेवढाही लागला नाही; ते मोठ्याने हसले.

"मॅडम, ही आमची नाटकी पोर. कुठलाही पेशंट हुबेहूब करते. चल, पुरे झालं आता. नीट बस."

"मी नाटक करत नाहीये, सर."

"अगं, पुरे म्हटलं ना."

"सर, मला खरंच येत नाहीये ऐकू."

हे ती अगदी हळू म्हणाली. ओरडायच्या घरात वाढलेल्या मुलीचा तो आवाज नव्हताच. लंबूने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला, कारण तिची सगळी सोंगं त्याने काचेतून पाहिलेली होती आणि हे त्यातलं नव्हतं.

बाईंनी तिला परत बसवलं. आवाज बराच वाढवला. शेवटी धाकटीचं बोट कसंबसं वर गेलं. बाई उठून तिच्यासमोर आल्या, खाली वाकून बोलल्या.

"वरच्या सुरांना डावा कान कमी आहे तुझा. आणि कमी म्हणजे बराच. कशाने, ते आज सांगता येणार नाही, कानाच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. कधीपासून आहे हे?"

धाकटीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी प्राचार्य बोलले. माणूस बुडताना जसा हाताला लागेल ते धरतो, तसं त्यांच्या हाताला हे लागलं होतं.

"पहिल्या वर्षापासून, मॅडम. प्रवेशाच्या वेळी आम्ही सगळ्यांची तपासणी करतो ना. तिथेच सापडलं. आमच्याच विद्यार्थिनीचा दोष आमच्याच विभागाने शोधला. आता यापेक्षा मोठी पावती कोणती देऊ तुम्हाला?"

"मीच केली होती ती टेस्ट," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा, मायेचा. "आठवतं ना गं तुला?"

बाईंनी पेन काढलं आणि धाकटीकडे पाहिलं.

"असं आहे का? मशीन चालू आहे ते मी पाहिलं. मुलगा घाबरट आहे, पण बटण दाबतो. राहिला प्रश्न तुझा. तुला आधीपासून ठाऊक होतं?"

नुसती मान हलवायची होती. तीच मान, तसंच किंचित हलवणं. मशीन बंद पडलं म्हणून सांगून टाकलं तेव्हा तिला वाटलं होतं, बुडवलं आपण सगळ्यांना. आता दिसत होतं की काही बुडालेलं नाही. बहिऱ्या कानामुळे कॉलेज तरत होतं. लंबू काचेपलीकडून तिच्याकडे डोळे लावून बसला होता, त्याच्या घरी काय परिस्थिती होती ते तिला ठाऊक होतं. एक मान हलवली की परवाना, नोकरी, ताईचा शब्द, सगळं जागच्या जागी. आणि तिचा स्वतःचा कान, ज्याची खबर तिला मिळून चहा निवण्याइतकाही वेळ झाला नव्हता, तो या लोकांनी तिच्या देखत विकायला काढला होता. तिला रडू येत होतं आणि संताप होत होता, आणि आधी कशाला वाट द्यावी ते कळत नव्हतं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मला आत्ता कळलं."

सर काहीतरी बोलायला गेले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. धाकटी बोलतच राहिली.

"आमचं मशीन मी आले तेव्हापासून बंद आहे. हे परवा आणलंय. मी या खुर्चीत तीन वर्षं बसतेय, रोज कुणीतरी माझे कान तपासतंय, आणि माझा प्रत्येक कागद सांगतो की माझे कान उत्तम आहेत." ती थांबली, तिला धाप लागली होती. "आम्ही कधी काही ऐकलंच नाही."

प्राचार्य मागच्या बाकावर बसले. टायची गाठ त्यांनी पूर्णच सोडली. बाईंनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. उलट जरा कडकच विचारलं.

"हे लिहिलं तर तुमच्या बॅचला यंदा परीक्षेला बसता येणार नाही. दुसऱ्या कॉलेजात पाठवतील, पुन्हा शिकावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"लिहू?"

धाकटीने लंबूकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याच्याकडून हो येणार नव्हतं आणि ते मागायचा तिला हक्कही नव्हता. मग तिला ताई आठवली. ताई आधी ओरडेल, मग आठवडाभर बोलणार नाही, आणि मग कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते तीच ठरवेल.

"माझा कान अधू आहे हे इतकी वर्षं कुणी ओळखलं नाही," ती म्हणाली. "उद्या माझ्यासमोर असं कुणी बसलं असतं, तर मीही त्याला उत्तम म्हणून घरी पाठवलं असतं. लिहा."

बाईंनी लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या. मग पेन बंद करून मशीनकडे पाहत म्हणाल्या, "टेस्ट अर्धी राहिलीय हिची. कोण पुरी करतंय?"

कुणीच पुढे आलं नाही. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

"मला येत नाही, मॅडम," लंबू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "खरंच येत नाही."

"मग ये इकडे. दाखवते."

धाकटी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. आता बोट उचलायची घाई नव्हती, वाचवायचं काही उरलं नव्हतं. शुकशुकाट फार लांबला. तिने दात आवळून डावा कान पुढे केला, जणू तसं केल्याने काही फरक पडणार होता. मागे बाई हळू आवाजात सांगत होत्या, आणखी वाढव, घाई करू नकोस, तिला वेळ दे. आणि मग कुठून तरी, फार उशिरा, शिट्टी आली. तिने बोट वर केलं.

बाहेर आल्यावर तिने लंबूच्या समोरचा कागद पाहिला. डाव्या कानाच्या फुल्या त्याने आजवर ढिगाने काढल्या होत्या, सगळ्या वर, एका ओळीत, पुस्तकातल्यासारख्या. ही शेवटची फुली खूप खाली होती. वाकडी, आणि त्याने तिच्यासमोर कागद उलटा करायचा प्रयत्न केला तो तिने हात धरून थांबवला.

"असू दे," ती म्हणाली. "बरोबर आहे ती."